रायफलला टेकू कुठला? डोंगरातल्या शिकारीसाठी बायपॉड, काठ्या, तिवई की नुसती सॅक

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरचसं ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत.)

हेडफोन लावलेत ना? चला.

मागच्या काही भागांत मी कोलोराडोमधल्या शिकारीबद्दल बोललो. तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. ‘दादा, रायफलसाठी बायपॉड कुठला घ्यावा?’ ‘ट्रायपॉड चांगला की शूटिंग स्टिक?’ ‘कमी वजनाचं काही आहे का?’ अमेरिकेत, कॅनडात राहणारी आपली पोरं विचारतायत, आणि पुण्या-नाशिकातून काही जण निव्वळ कुतूहल म्हणून विचारतायत. म्हणून आजचा अख्खा भाग टेकूवर.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. ससा असो की सांबर. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते इथलं, अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातलं. इथे शिकार परवान्यावर चालते. कुठल्या भागात, कुठल्या तारखांना, कुठला प्राणी, नर की मादी, सगळं परवान्यावर लिहिलेलं असतं. कोलोराडोत म्यूल डीअरचे परवाने सोडतीनं मिळतात. लागला तर लागला, नाही तर पुढच्या वर्षी बघू. हे ऐकून गावाकडे कोणी बंदूक काढू नका, एवढंच.

आता मुद्द्यावर येऊ. टेकू लागतोच कशाला?

एक साधं गणित करू. रायफल खांद्याला लावली की खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर अंतर धरा. ते टोक पावणेदोन मिलिमीटर हललं, म्हणजे दोन तांदळांच्या जाडीएवढंसुद्धा नाही, तर कोनात तो एका अंशाचा दहावा भाग झाला. आणि ३०० यार्डांवर, म्हणजे २७४ मीटरवर, गोळी ४८ सेंटीमीटर इकडे किंवा तिकडे जाते. म्यूल डीअरचं हृदय-फुफ्फुसांचं क्षेत्र असतं साधारण २० ते २५ सेंटीमीटरचं. आपल्या जेवणाच्या ताटापेक्षाही लहान. तिथे गोळी लागली तर जनावर काही सेकंदांत संपतं. ४८ सेंटीमीटर बाजूला गेली तर एक तर पूर्ण चुकली, आणि तेच बरं म्हणायचं. नाही तर पोटात लागली. पोटात लागलेलं हरीण पळतं, झुडपात जाऊन बसतं, आणि मरायला त्याला तास लागतात. अंधार पडला तर सापडतही नाही.

म्हणून टेकूचा विषय हा फक्त सामानाचा विषय नाही. दोनशे डॉलरची वस्तू घ्यायची की चारशेची, हा फार नंतरचा प्रश्न. आधी हे लक्षात घ्या की हातात धरलेली रायफल माणसाच्या श्वासाबरोबर हलते, नाडीबरोबर हलते. त्यात हा डोंगर. इथे एल्क आणि हरणं सीझनमध्ये बऱ्याचदा ३,००० मीटरच्या आसपास सापडतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे जवळजवळ दुप्पट उंचीवर, विरळ हवेत, पाठीवर सॅक घेऊन चढून तुम्ही धापा टाकत पोचता आणि समोर जनावर उभं असतं. त्या वेळी नळीचं टोक किती मिलिमीटर हलत असेल, तुम्हीच विचार करा.

मग कुठला टेकू? मी उलटा प्रश्न विचारतो. तुम्ही जिथे जाणार आहात तिथे गवत केवढं आहे?

हसू नका. हाच खरा प्रश्न आहे. कोलोराडोच्या पश्चिम भागात सेजब्रश नावाचं करड्या-हिरव्या रंगाचं झुडूप मैलोन् मैल पसरलेलं असतं. कुठे गुडघ्याएवढं, कुठे कमरेएवढं. तिथे पालथं झोपलात तर स्कोपमध्ये पानांशिवाय काही दिसत नाही. उलट वर, झाडं संपतात त्या पलीकडे, उघडं खडकाळ माळरान असतं. तिथे झोपून नेम धरायला कुणाची अडचण नाही. आणि मध्ये ॲस्पेनचं, पाइनचं दाट जंगल. तिथे जनावर दिसलं तर शंभर यार्डांच्या आत दिसतं आणि तुम्हाला उभ्यानंच किंवा गुडघ्यावर बसूनच काही करावं लागतं.

म्हणजे उंच्या तीन: झोपून, बसून, उभ्यानं. प्रत्येक टेकू यातल्या एका-दोन उंचीला चांगला असतो, तिन्हीला चांगला असेल तर वजन वाढतं. एवढं डोक्यात ठेवलं की दुकानातला सेल्समन तुम्हाला फिरवू शकत नाही.

आता एकेक बघू.

पहिला, बायपॉड. रायफललाच पुढे अडकवलेले दोन पाय. हॅरिस कंपनीचा ६ ते ९ इंचांचा बायपॉड इथे घरोघरी दिसतो. झोपून नेम धरायला उत्तम. रायफलबरोबरच असतो, शोधावा लागत नाही, पाय खाली पाडले की झालं. तोटे दोन. एक म्हणजे तो कायम रायफलच्या पुढच्या टोकाला लटकलेला असतो, त्यामुळे दिवसभर वाहताना आणि हातानं नेम धरताना रायफल नाकाकडे जड लागते. दुसरा, तो ठेंगणा आहे. नऊ इंचांत सेजब्रश ओलांडता येत नाही. आता कार्बन फायबरचे हलके, खटकन लावता-काढता येणारे बायपॉड मिळतात. ते खिशात ठेवा आणि गरज पडली की लावा. महाग आहेत, पण पाठ दुवा देते. लांब पायांचे बायपॉडसुद्धा मिळतात, बसून वापरता येतील असे, पण पाय जितके लांब काढाल तितके ते डुलतात.

दुसरा प्रकार, काठ्या. दोन काठ्या वरच्या बाजूला एकमेकींना बांधल्या, खाली फाकवल्या, की झाली कैची. ही युक्ती जुनी आहे. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानांत म्हशींएवढ्या बायसनची शिकार करणारे व्यावसायिक शिकारी शार्प्स कंपनीच्या जड रायफली अशाच आडव्या-तिडव्या काठ्यांवर टेकवायचे. ती युक्ती इतकी चालली की एकाच जागी बसून कळपच्या कळप आडवे व्हायचे, आणि १८८० चं दशक संपेपर्यंत कोट्यवधींचा बायसन काही शेकड्यांवर आला. हे मुद्दाम सांगतोय. स्थिर नेम ही फक्त क्षमता आहे. ती कुठे थांबवायची हे काठी सांगत नाही. आजचा परवाना, सोडत, तारखा, ही सगळी व्यवस्था त्या विध्वंसानंतर उभी राहिली.

तर काठ्या. बसून नेम धरायला मला या सगळ्यात जास्त आवडतात. ट्रेकिंग पोल वापरत असाल तर त्याच दोन पोलना पट्ट्यानं जोडून कैची होते. वेगळं वजन शून्य. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना पोल नवीन नाहीत. उतरताना गुडघे वाचतात, आणि बसलात की टेकू तयार. चाप दाबून उंची बदलणाऱ्या तयार काठ्याही मिळतात, झटपट असतात, पण वाहायला अवजड.

तिसरा, तिवई. म्हणजे ट्रायपॉड. गेल्या काही वर्षांत डोंगरातल्या शिकाऱ्यांमध्ये ही फार वाढली. कारण एकाच वस्तूत दोन कामं होतात. इथली शिकार म्हणजे नव्वद टक्के बघणं. सकाळी उजाडायच्या आत कड्यावर बसायचं आणि दुर्बिणीतून समोरचा अख्खा डोंगर इंचाइंचानं वाचायचा. हातात धरलेली दुर्बीण हलते. तिवईवर लावली की पलीकडच्या उतारावर झुडपाखाली बसलेल्या हरणाचा कानसुद्धा दिसतो. मग दुर्बीण काढा, तिथेच रायफल ठेवा. झोपून सोडून बाकी दोन्ही उंच्यांना चालते. तोटा वजनाचा. कार्बनची बरी तिवई डोक्यासकट दीड-दोन किलोच्या घरात जाते. दोन किलो म्हणजे दोन लिटर पाणी. तुम्ही तशीही दुर्बिणीसाठी तिवई नेणार असाल तर हा प्रश्नच सुटला. नुसती रायफलसाठी नेणार असाल तर दोनदा विचार करा.

चौथा, आणि हा फुकट: तुमची सॅक. सॅक आडवी टाका, तिच्यावर रायफलचा नळीखालचा भाग ठेवा. नळी टेकवायची नाही, हे लक्षात ठेवा. नळीवर दाब आला की गोळी दुसरीकडे जाते. फ्रेम असलेली सॅक उभी करून बसूनही चालते. आणि पडलेला ओंडका, खडक, हे तर आहेतच. फक्त कातळावर रायफल थेट ठेवू नका. गोळी सुटली की कठीण पृष्ठभागावरून ती वर उसळते आणि नेम वर जातो. मध्ये टोपी, जाकीट, हातमोजे काहीही मऊ घाला.

इथपर्यंत सगळे जण पुढच्या टोकाबद्दलच बोलतात. आता मागचं टोक.

रायफल म्हणजे एक लांब दांडा. पुढचं टोक तुम्ही चारशे डॉलरच्या टेकूवर ठेवलंत आणि मागचं टोक, म्हणजे दस्ता, धापा टाकणाऱ्या खांद्यावर. मग हलणार कुठून? मागून. पुढचं टोक ही फक्त बिजागरी झाली. ज्यानं कुणी झोपून, पुढे बायपॉड आणि दस्त्याखाली लहानशी पिशवी ठेवून नेम धरलाय त्याला फरक लगेच कळतो. स्कोपमधली फुली भिंतीवर काढल्यासारखी थांबते. ही पिशवी हलक्या प्लास्टिकच्या मण्यांनी भरलेली मिळते, वजन नगण्य. नसेल तर जाड मोज्यात तांदूळ भरा. तेही नसेल तर गुंडाळलेलं जाकीट. बसून असाल तर उजव्या कोपराखाली सॅक सरकवा. तिवईवर उभे असाल तर एक ट्रेकिंग पोल दस्त्याखाली किंवा काखेत घ्या. माझं स्पष्ट मत सांगतो: तुमच्याकडे पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर महाग बायपॉडऐवजी साधा टेकू घ्या आणि मागच्या पिशवीची सवय करा.

इथे आपल्या कोल्हापूरची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभ्यानं, अशा तिन्ही स्थितींत. त्या खेळात ना बायपॉड, ना तिवई. गुडघ्यावर आणि झोपून असताना हाताला पट्टा चालतो, उभ्यानं तोही नाही. आणि दहा गुणांचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर. अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान. हे कसं जमतं? ते रायफलचा भार स्नायूंवर घेत नाहीत, हाडांवर घेतात. कोपर गुडघ्याच्या टोकावर ठेवायचं नाही, गुडघ्याच्या थोडं पुढे, मांस असेल तिथे. टोकावर टोक ठेवलं की घरंगळतं. आणि नेम डावीकडे जात असेल तर हातानं रायफल ओढायची नाही, अख्खं शरीर सरकवून बसायचं. डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा. फुली जागेवर असली पाहिजे. नसेल तर पुन्हा बसा. टेकू असला तरी हे सगळं लागू आहे. तिवईवर रायफल दाबून धरणारे लोक मी इथे रेंजवर रोज बघतो. तिवई स्थिर असते, माणूस थरथरत असतो.

आता एक प्रसंग सांगतो, म्हणजे या सगळ्याचा उपयोग काय ते कळेल.

दोन वर्षांपूर्वी, म्यूल डीअरचा सीझन, माझ्या परवान्याचा शेवटचा दिवस, शेवटचा तास. इथे सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासापर्यंतच गोळी चालवता येते. सोबत शेजारचे आजोबा होते, साठ वर्षं याच डोंगरात फिरलेला माणूस. ३४० यार्डांवर एक मोठा नर सेजब्रशमधून बाहेर आला. मी बसलो, ट्रेकिंग पोलची कैची लावली, सॅक कोपराखाली घेतली. वारा उजवीकडून, थांबून थांबून. फुली त्याच्या खांद्यामागे होती, पण थांबत नव्हती. छातीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत होती, आणि वारा आला की बाहेर. झोपायला जागा नव्हती, झुडपं कमरेएवढी. मी आजोबांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत, हो नाही, नाही नाही. तो माझाच निर्णय होता.

मी चेंबरमधली गोळी काढली. नर आणखी दहा मिनिटं चरत राहिला, मग घळीत उतरला. त्या वर्षी आमच्या फ्रीझरमध्ये हरणाचं मटण नव्हतं, आणि घरी ‘एवढी सुट्टी घालवलीस आणि हात हलवत आलास’ हे ऐकून घेतलं. वाईट वाटलं का? वाटलं. वर्षभर वाट बघितली होती. पण परत येताना अंधारात टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरायची वेळ आली नाही.

टेकूचं खरं काम मला त्या दिवशी नीट कळलं. टेकू लावल्यावरही फुली किती हलतेय हे तुम्हाला समोर दिसतं. हातानं धरलेल्या रायफलमध्ये ती इतकी नाचते की माणूस नशिबावर चाप ओढतो. टेकूवर ती मोजता येते. छातीच्या आत थांबतेय तर पुढे जा. बाहेर जातेय तर जवळ जा, खाली बसा, नाही तर सोडून द्या.

मग तुमची मर्यादा किती, ते आधी कसं ठरवायचं? सोपी चाचणी सांगतो. रेंजवरचं टेबल विसरा. डोंगरात टेबल नसतं. ज्या रेंजवर जमिनीवर बसू-झोपू देतात तिथे जा. २० सेंटीमीटरची कागदी प्लेट लावा. सॅक पाठीवर, रायफल रिकामी ठेवून, पन्नास बैठका मारा म्हणजे छाती धडधडायला लागेल. मग सॅक उतरवा, टेकू लावा, बसा, आणि अर्ध्या मिनिटात एक गोळी. असं पाच वेळा. पाचही प्लेटवर लागल्या तर ते अंतर तुमचं. चार लागल्या तर नाही. ‘पाचातल्या चार’ म्हणजे पाचवं हरीण जखमी. बसून एक अंतर येईल, झोपून दुसरं, उभ्यानं तिसरं. तिन्ही आकडे रायफलच्या दस्त्यावर चिकटपट्टीवर लिहा.

घरीही सराव होतो. रायफल रिकामी आहे हे तीनदा बघायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत, आणि मग फक्त बसणं-उठणं-टेकू लावणं. अंधारातही पाय उघडता आले पाहिजेत, आणि खटखट आवाज न होता.

सुरक्षेच्या तीन गोष्टी, या टेकूशीच संबंधित. एक: टेकू लावून, बसून, जनावर नीट ओळखून होईपर्यंत चेंबर रिकामंच. तिवईच्या शिकंज्यात भरलेली रायफल सोडून हात काढायचा नाही, वाऱ्यानं तिवई पडते. दोन: स्कोप नळीच्या वर असतो. खडकावर टेकवलं की स्कोपमधून मोकळं दिसतं, पण नळीसमोर दोन इंचांवर खडकाची कड असते. चाप ओढण्याआधी मान वर करून नळीसमोर बघा. तीन: जनावराच्या मागे माती दिसली पाहिजे. क्षितिजावर उभं असेल तर कितीही स्थिर असलात तरी नाही.

शेवटी, ‘दादा, तू काय नेतोस?’ याचं उत्तर. दुर्बिणीसाठी तिवई नेणार असेन तर तीच, आणि दस्त्याखाली एक पोल. लांब चालायचं असेल तर दोन पोलची कैची आणि सॅक. मागची पिशवी दोन्ही वेळा. माळरानावर जायचं असेल तर खिशात हलका बायपॉड. नवीन असाल तर आधी एक सीझन नुसत्या सॅक आणि पोलवर काढा, मग काय कमी पडतंय ते तुम्हालाच कळेल, आणि पैसे तिथेच घाला.

आणि महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांनो, यातलं बरचसं तुमच्या कॅमेऱ्यालाही लागू आहे. ताडोबात जिप्सीच्या कठड्यावर मोठी लेन्स टेकवायला बीन बॅग वापरतात, ती आणि माझी मागची पिशवी सख्ख्या बहिणी. तिथे वाघ निवांत चालत जातो, तुम्हीही घाई करू नका.

पुढच्या भागात वाऱ्याबद्दल बोलू; गवताकडे बघून वारा कसा वाचायचा. तुमच्या कागदी प्लेटचे आकडे मला नक्की पाठवा. खरे पाठवा हं, पाचातले चार वाले नकोत. भेटू या.